मागचा डावा कोपरा

गाडी बाहेर काढली की मी दहा पावलं मागे जाऊन तिच्याकडे एकदा नीट बघतो. पुसण्याआधी, बॉनेट उघडण्याआधी. ट्रायम्फ टीआर४, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार, माझ्याकडे आल्यापासून या बघण्यात एक गोष्ट कायम खुपायची. मागून पाहिलं की गाडी डाव्या अंगाला बसलेली दिसायची, एखादा माणूस एका पायावर भार टाकून उभा असावा तशी. डावीकडे टायर आणि चाकावरची कमान यांच्यात जेमतेम दोन बोटं जायची, उजवीकडे तीन. या गाडीच्या अंगावरून पुढून मागे जाणारी रेघ जवळपास सरळ आहे, त्यामुळे थोडासाही कल लपत नाही. इटालियन डिझायनर मिकेलोत्तीने आखलेली ही बॉडी १९६१ साली आली तेव्हा तिच्या खाली चेसी (सगळा भार पेलणारा पोलादी सांगाडा) होती ती आधीच्या टीआर३ च्या घराण्यातलीच. म्हणजे बॉडी वेगळी, चेसी वेगळी, आणि दोघींना जोडणारे बोल्ट, मधे रबरी चकत्या आणि शिम, म्हणजे उंची जुळवायला घातलेल्या पातळ पट्ट्या. ही रचना मला माहीत होती. तरी तिचा अर्थ डोक्यात शिरायला मला बरेच महिने लागले.

पहिली चूक मी अगदी सरळ रस्त्याने केली. मागचा डावा कोपरा खाली आहे, म्हणजे मागचा डावा पाटा (पोलादी पट्ट्यांचा स्प्रिंग) दबून बसला असणार. साठ वर्षं जुना कमानपाटा, बसला तर नवल काय? दोन्ही बाजूंचे नवे पाटे आणले आणि दोन दिवस खाली झोपून बसवले. या गाडीत मागचा अ‍ॅक्सल चेसीच्या वरून जातो. त्यामुळे गाडी उचलली की थोड्याच उंचीवर अ‍ॅक्सल चेसीवर टेकतो आणि चाक आणखी खाली येत नाही. हात घालायला जागा कमी, पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या शॅकलचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. एक तर कापूनच काढावा लागला. शेवटी गाडी खाली सोडली, दहा पावलं मागे गेलो. मागची बाजू सगळीच १५ मिमी वर आली होती आणि कल होता तेवढाच होता.

त्या संध्याकाळी माझा एक मित्र आला. त्याने आयुष्यभर बॉडीचं काम केलंय. मी पुन्हा मोजपट्टी घेऊन कमानी मोजत होतो. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, तू मघापासून मडगार्डच मोजतोयस. मडगार्डाच्या खाली गाडी आहे, ती कधी मोजणार?"

मग सगळं पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी ठरवून टाकलं की मापं पुरी होईपर्यंत एकही नट सैल करायचा नाही.

आधी जमीन. शेडची फरशी डोळ्यांना सपाट दिसते आणि तिच्यावर माझा आंधळा विश्वास होता. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली, बुडबुडे काढायला तिला दहा मिनिटं थोपटलं आणि चारही चाकांच्या जागी पाण्याची पातळी भिंतीवरच्या आणि खांबावरच्या खुणांशी ताडून पाहिली. तीन जागा एकमेकींच्या १ मिमीच्या आत. चौथी, मागच्या डाव्या चाकाखालची, ८ मिमी उंच. फरशी एका चाकाखाली उंच असली की ते चाक वर ढकललं जातं आणि त्याच्यावरची कमान टायरजवळ येते. म्हणजे मला दिसणाऱ्या कलात फरशीचाही वाटा होता. बाकीच्या तीन चाकांखाली ८ मिमी जाडीचे प्लायवूडचे तुकडे सरकवले.

चारही टायर एकाच मापाचे आणि एकाच कंपनीचे आहेत ना, ते पाहिलं. हवा थंड टायरवर चारही ठिकाणी सारखी केली. डिकी रिकामी केली. मग गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलली आणि चारही कोपऱ्यांवर दाबून सोडली. हे ढकलणं वगळू नका. जॅकवरून उतरलेली गाडी लगेच तिच्या खऱ्या उंचीवर येत नाही. चाकं आत ओढलेली असतात, टायर फरशीला घट्ट धरून बसतात आणि पुढची बाजू चांगली १५–२० मिमी उंच दिसत राहते. अशा गाडीवर घेतलेलं माप कागदावर उतरवून उपयोग नाही.

फरशी सावरण्याआधी मागची डावी कमान उजवीपेक्षा १२ मिमी खाली होती आणि पुढची उजवी कमान डावीपेक्षा ४ मिमी खाली. फरशी सावरल्यावर मागचा फरक ८ मिमीवर आला आणि पुढचा पार गेला. पुढे डावी-उजवी सारखी, मागे डावी ८ मिमी खाली. वहीत हे लिहिताना मला वाटलं, म्हणजे दोष मागेच आहे. पुन्हा तोच निष्कर्ष. आणि पुन्हा तो चुकीचाच होता.

मित्राच्या म्हणण्याप्रमाणे आता मडगार्ड सोडून चेसीकडे वळलो. अल्युमिनियमचे दोन सरळ चौकोनी पाइप घेतले. एक पुढच्या चाकांच्या लगेच मागे, एक मागच्या चाकांच्या लगेच पुढे, असे चेसीच्या दोन्ही दांड्यांना खालून आडवे क्लॅम्प केले. चेसीच्या दांड्या एकमेकींच्या जवळ असतात, तिथला कल मोजपट्टीवर नीट वाचता येत नाही. पाइप दोन्ही बाजूंना बाहेर काढला की तोच कल मोठा होऊन दिसतो. पाइपवर चाकांमधल्या अंतराएवढ्या खुणा केल्या आणि त्या खुणांपासून जमिनीपर्यंत गुण्या लावून माप घेतलं. क्लॅम्प करण्याआधी दांड्यांची ती जागा तारेच्या ब्रशने घासून साफ केली. तिथे डांबरी रंगाचा पापुद्रा होता, २ मिमी तरी जाड. तो ठेवला असता तर मापात तोच बोलला असता.

मागचा पाइप डावीकडे ८ मिमी खाली. हे अपेक्षित होतं. पुढचा पाइप? तोही डावीकडे ८ मिमी खाली.

मी दोनदा मोजलं, पाइप काढून उलटा लावला आणि तिसऱ्यांदा मोजलं. ८ मिमीच. दोन्ही पाइपांचा कल सारखा, म्हणजे चेसीला पीळ नाही. ही मोठी काळजी मिटली. पण पुढे चेसी डावीकडे ८ मिमी कललेली असताना पुढच्या दोन्ही कमानी जमिनीपासून सारख्या उंचीवर कशा? याचा एकच अर्थ निघतो. पुढे उजव्या बाजूला बॉडी चेसीच्या मानाने ८ मिमी खाली बसली होती. चेसीचा कल आणि बॉडीचा कल एकमेकांना झाकत होते आणि मी बाहेरून बघून पुढच्या बाजूला निर्दोष ठरवून बसलो होतो. मागे मात्र कमानींचा फरक आणि पाइपचा फरक सारखाच, म्हणजे तिथे बॉडी चेसीवर व्यवस्थित होती.

आता चेसी कोण कलवतंय, पुढचे स्प्रिंग की मागचे पाटे? चार चाकांवर उभी असलेली गाडी हे सांगत नाही. चार पायांच्या टेबलाचा एक पाय लांब असला की समोरच्या तिरक्या कोपऱ्यावरही परिणाम होतो आणि टेबल बघून कुठला पाय लांब आहे ते कळत नाही. म्हणून गाडीची तिवई करायची. एक टोक मधोमध एकाच बिंदूवर टेकवायचं म्हणजे कल ठरवण्याचं काम फक्त दुसऱ्या टोकाच्या दोन स्प्रिंगांकडे राहतं.

पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चेसीच्या दोन दांड्या जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर जॅक लावला. वर लाकडाचा ठोकळा, आणि ठोकळ्यावर गाडीच्या लांबीच्या दिशेने गोल सळईचा एक तुकडा, म्हणजे गाडी तिच्यावर दोन्हीकडे मोकळेपणी डोलू शकेल. नुसता रुंद ठोकळा ठेवला तर तोच तिला एका बाजूला धरून ठेवतो. चेसीच्या दोन्ही बाजूंना २० मिमी अंतर ठेवून स्टँड उभे केले, गाडी घसरलीच तर झेलायला. ते लावल्याशिवाय मी हातसुद्धा आत घालत नाही. पुढची चाकं जेमतेम सुटेपर्यंत उचललं, मागची बाजू दाबून सोडली आणि मागचा पाइप मोजला. डावी-उजवीत फरक १ मिमी. मागचे पाटे निर्दोष.

मग उलटं केलं. जॅक मागच्या क्रॉसमेंबरच्या मध्यावर, कल ठरवणार पुढचे स्प्रिंग. पुढचा पाइप मोजला. डावीकडे १४ मिमी खाली.

चारही चाकांवर असताना कल ८ मिमी, आणि मागच्या पाट्यांचा धाक काढल्यावर १४. म्हणजे पुढचे स्प्रिंग गाडीला डावीकडे लोटत होते आणि बिचारे मागचे पाटे तिला सरळ धरायला बघत होते. त्या ओढाताणीत पुढचा उजवा कोपरा उंच झाला होता आणि त्याच्या तिरकस समोरचा मागचा डावा सगळ्यात खाली गेला होता. मी दोन दिवस झोपून नेमके तेच पाटे बदलले होते जे गाडी सावरत होते. (तुमच्या गाडीला पुढे अँटिरोल बार, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडून गाडीचं झुकणं रोखणारी सळई, असेल तर या चाचणीआधी त्याची एक लिंक सोडवा. दोन लिंकांची लांबी वेगळी असेल तर बारच गाडी कलवतो आणि दोष स्प्रिंगवर जातो. टीआर४ ला मुळात हा बार नव्हता, माझ्या गाडीलाही नाही.)

स्प्रिंग काढण्याआधी एक शेवटची तपासणी राहिली होती, गाडी कधी ठोकली गेली आहे का याची. चेसीच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने फुल्या केल्या, गाडी बाजूला ढकलून फुल्यांमधली अंतरं मोजली. दोन्ही कर्णांत २ मिमीचा फरक. अ‍ॅक्सलमधलं अंतर मूळ मापाप्रमाणे २२३५ मिमी हवं, ते डावीकडे २२३६ आणि उजवीकडे २२३४ भरलं. साठीच्या गाडीला मी यापेक्षा जास्त काही मागणार नाही.

पुढचा उजवा स्प्रिंग काढताना सावकाश गेलो. दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये एवढी ताकद असते की तो सुटला तर समोरच्याला जागा सोडायला वेळ मिळत नाही. मधून जाड आटे पाडलेली सळई घालून, खालची थाळी तिच्यावर धरून, नट एकेक फेरा सैल करत उतरवला. स्प्रिंग हातात आला तसा त्याच्या डोक्यावरच्या रबरी कड्याबरोबर आणखी एक कडं खाली पडलं. पोलादी, लेथवर सफाईने काढलेलं, कडा घासून गोल केलेल्या. व्हर्नियरने मोजलं, ७ मिमी. डाव्या बाजूला असलं काही नव्हतं. स्प्रिंग विशबोनच्या, म्हणजे चाक चेसीला जोडणाऱ्या हलत्या हाताच्या, साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे स्प्रिंगखाली किंवा वर घातलेली जाडी चाकाशी जवळपास दुप्पट होते. ७ चे १४. तिवईच्या चाचणीने जो आकडा दिला होता तोच.

त्या कड्याकडे मी बराच वेळ बघत राहिलो. ज्याने ते बनवलं त्याने काळजीपूर्वक बनवलं होतं. त्याला पुढची उजवी कमान खाली दिसली असणार आणि त्याने तो कोपरा उचलला. माझ्यासारखाच मडगार्ड बघून. कमान सारखी झाली, आणि कल जाऊन बसला मागच्या डाव्या कोपऱ्यात. गाडीच्या आधीच्या मालकांपैकी कुणी हे केलं ते मला माहीत नाही, पण त्याची विचार करण्याची वाट मला पाठ होती.

कडं काढून टाकायचं ठरवण्याआधी दोन्ही स्प्रिंग तपासले. मोकळी लांबी १ मिमीच्या फरकाने सारखी. पण लांबी सारखी म्हणजे ताकद सारखी असं नाही. म्हणून दोन्ही स्प्रिंग एकावर एक ठेवले, मधे जाड पोलादी चकती, दोघांतून एकच आटेवाली सळई, आणि नट आवळत गेलो. दोघांवर भार एकच पडतो, म्हणून जो कमजोर असेल तो जास्त दबतो. वरचा ४१ मिमी दबला, खालचा ४०. मग वर-खाली बदलून पुन्हा केलं, तेच आलं. कुठलाही वजनकाटा न वापरता दोन स्प्रिंगांची तुलना करायची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही.

कड्याशिवाय स्प्रिंग परत चढवला. खालच्या थाळीत स्प्रिंगचं टोक ज्या खाचेत टेकायला हवं तिथेच टेकलंय हे बोट फिरवून पाहिलं. विशबोनचे बोल्ट मात्र मी घाईत, चाक हवेत लोंबत असतानाच पूर्ण आवळले. रबरी बुश (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) त्याच स्थितीत जखडले गेले आणि गाडी खाली आल्यावर ते पिळवटून तिला वर धरू लागले. उजवी बाजू ५ मिमी उंच! मला वाटलं हिशोब चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चाकांवर उभी असताना तेच बोल्ट सैल केले, गाडी पुढे-मागे ढकलली, पुन्हा आवळले, आणि ५ मिमी गेले. मागच्या पाट्यांचे बोल्टही मी हवेतच आवळले होते, तेही सोडवून गाडी तिच्या पायांवर असताना परत आवळले. रबरी बुशचा बोल्ट नेहमी गाडी तिच्या उंचीवर उभी असतानाच आवळायचा.

आता पाइप पुढे-मागे दोन्हीकडे १ मिमीच्या आत होते. चेसी सरळ उभी होती. आणि अपेक्षेप्रमाणे पुढची उजवी कमान ८ मिमी खाली लोंबत होती. पहिल्यांदाच गाडी तिचा खरा दोष उघड दाखवत होती.

उजव्या दाराची फट या गोष्टीची साक्ष आधीपासून देत होती, मीच वाचली नव्हती. दाराची मागची कड आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट वर ६.५ मिमी होती आणि खाली ४. उघड्या गाडीत फट वरच्या बाजूला आवळत असेल तर भीती असते की दाराखालची सिल गंजून गाडी मधोमध वाकतेय, दोन्ही खांब एकमेकांकडे झुकतायत. माझी फट वर उघडत होती. म्हणजे दाराचा पुढचा खांब पुढे आणि खाली कलला होता. खाली रांगत जाऊन पाहिलं तर त्या खांबाखालचा माउंट, म्हणजे बॉडी चेसीला बोल्टने जोडलेली जागा, पार चेपलेला. रबरी चकतीची भाकरी झालेली, आणि त्याच्या पुढच्या, रेडिएटरजवळच्या माउंटवर तर चकतीच नव्हती, नुसते दोन गंजके वायसर. डावीकडे दोन्ही जागी चकत्या आणि शिम शाबूत.

बोल्ट सोडवणं हा वेगळाच अध्याय आहे. तीन दिवस रोज तेल सोडत राहिलो. एकाचा आतला नट फिरू लागला, त्याला पत्र्यातून खिडकी कापून धरावं लागलं. उचलण्याआधी उजव्या बाजूच्या जवळच्या माउंटचेही बोल्ट दोन-दोन फेरे सैल केले, नाहीतर बॉडी उचलली जाण्याऐवजी वाकते. स्टिअरिंगच्या दांड्याचा क्लॅम्प सैल केला. सिलखाली लांब लाकडी फळी घालून, गाडीचा भार तिच्या चाकांवरच ठेवून, जॅकने एकेक मिमी उचलत गेलो. आधी खांबाखालचा माउंट, मग पुढचा. हा क्रम मित्राने सांगितला होता आणि तो बरोबर होता. दाराची फट हेच माझं मोजमापाचं यंत्र. खांबाखाली नवी चकती आणि शिम मिळून ५ मिमी वाढल्यावर फट वर ५.५ आणि खाली ५ झाली, पुढच्या माउंटवर ८ मिमी वाढवल्यावर कमान जागेवर आली. बोल्ट आवळताना चकत्या आणखी थोड्या बसतात, म्हणून आवळून, गाडी फिरवून आणून, पुन्हा मोजून मग एक शिम वाढवला.

दाराच्या वरच्या बिजागरीमागे कुणीतरी घातलेली पातळ पट्टी आता जास्तीची ठरली. ती काढली तेव्हा कुलूप पहिल्यांदाच न आपटता बसलं.

ड्रायव्हरच्या सीटवर ७० किलोची वाळूची पोती ठेवून पुन्हा मापं घेतली. उजवी बाजू ५ मिमी खाली जाते. काही जण चालकाच्या वजनाचा हिशोब धरून ती बाजू आधीच उंच ठेवतात. मी गाडी रिकामी असताना सरळ ठेवली आहे, कारण ती उभी असतानाच मी तिच्याकडे सगळ्यात जास्त बघतो. पुढच्या चाकांचा टो (चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) दोरी लावून पुन्हा जुळवला. उंची बदलली की तो बदलतोच. हेडलाइटचा झोतही खाली आणावा लागला.

काढलेले जुने पाटे कोपऱ्यात टेकून ठेवले होते. परवा त्यांच्या कमानी सरळ पट्टी लावून मोजल्या. दोघांत २ मिमीचा फरक. पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेत. ते ७ मिमीचं कडं मात्र डबीत घालून हत्यारांच्या पेटीत ठेवलं, त्यावर चिठ्ठी: उजवा पुढचा, काढलं, चेसी मोजून. सोबत चारही कोपऱ्यांची आणि दोन्ही पाइपांची मापं. गाडी पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला कमानीपासून सुरुवात करावी लागू नये.

बॉनेटचा डावा मागचा कोपरा अजून ३ मिमी वर आहे. बॉडी उचलल्यावर तो दिसू लागला. पुढच्या रविवारी त्याच्या बिजागऱ्या बघणार आहे, आणि या वेळी पाइप आधी लावणार आहे.